दोन झाकणं अन् एक वरून

शेंद्र्याच्या कारखान्यात मी दिवसभर रंग कालवते. हातात मोजे, तोंडाला मास्क, मापाच्या कपात डोळा रेषेला लावायचा. जरा इकडचं तिकडं झालं की सुपरवायझर बोंबलतो. सुट्टीला गंगापूरकडं सासरी गेलं, की मात्र माझी अक्कल चपलांशेजारी बाहेर. तिथं माप म्हणजे माझे सासरे.

"पंपाला दोन झाकणं, अन् एक वरून," हे त्यांचं तणनाशकाचं प्रमाण. कुठल्या बाटलीचं झाकण? हाताला येईल त्या. मी म्हटलं, "मामा, बाटलीवर लिहिलंय पंपाला किती घालायचं ते. मी मापाचा कप आणलाय."

"कप चहाला ठेव. गवताला वाचता येतं व्हय?" म्हणत स्वतःच हसले. उघड्या हातानं औषध ओतलं, काठीनं ढवळलं अन् त्याच हातावर तंबाखू मळली. आधी गवत जातंय का सासरे, याचीच मला धास्ती.

उसातलं तण जळालं, नाय म्हणत नाही. पण पुढल्या आठवड्याच्या सुट्टीला मी गेले, तर तोच पंप कपाशीवर तुडतुड्यांचं औषध मारायला काढला. तीन एकर कपाशी, घराचं वर्ष त्याच्यावर. मी लई विनवलं, "मामा, साबणाच्या पाण्यानं तीनदा धुते. ते तणाचं औषध कपाशीला थेंबभरही सोसत नाही."

"कारखान्याचे लाड तिकडंच!" पंपात तांब्याभर पाणी खळबळलं अन् ओतून दिलं. झाली धुलाई.

आठ-दहा दिवसांत कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत गेली, शेंडे आखडले, कळ्यांची पाती गळाली. सासऱ्यांचा निकाल तयार होता, "बियाणं बोगस!" पारावर, हॉटेलात, एसटीत, सगळीकडं तेच. तक्रारही त्यांनीच केली. कृषी अधिकारी आले, दोन पानं हातात घेऊन पाहिली अन् विचारलं, "फवारणीचा पंप नीट धुतला होता का?"

मला वाटलं, आता तरी कबूल होतील. सासरे खाकरले अन् म्हणाले, "पंप सूनबाईनं धुतला होता, साहेब. शहरात राहती, तिला शेतीतलं काय कळतंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. आजवर त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, पण त्या दिवशी सरळ पुढं झाले.

"लिहून घ्या, साहेब," मी म्हटलं. "पंप मी धुतला असता, तर तुम्हाला इथं यायची वेळच आली नसती."