गाडी डावीकडे ओढते

कामितानी गावात गुपित ठेवणं म्हणजे मुळ्याच्या लोणच्याची बरणी लपवण्यासारखं आहे. झाकण कितीही घट्ट लावा, वास शेजाऱ्याच्या अंगणात आधी पोचतो. तरीही शनिवारी सकाळी तोकुजी कुवाबारानं न्याहारीचं सूप उभ्या उभ्या घशाखाली घातलं, गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली, पुढून निळी ताडपत्री सोडली, आणि आता कोणाला काही पत्ता लागत नाही असं समजून तो गाडीखाली शिरला. ताडपत्रीखालून त्याचे पाय आणि जॅकचा दांडा अख्ख्या आळीला दिसत होते, ती गोष्ट वेगळी.

तोकुजी पंचाहत्तरीला टेकलेला. उभा जन्म त्यानं शेतकरी संघाचा ट्रक चालवला. खताची पोती डोंगर चढवली, तांदळाची उतरवली. संघाच्या ट्रकांची दुरुस्तीही तोच करायचा. त्यामुळे गाडी बिघडली की माणसानं आधी तिच्याखाली झोपावं आणि मग काय ते बोलावं, असं त्याचं ठाम मत होतं. मात्र या वेळी तो बोलणारच नव्हता.

झालं होतं असं, की आदल्या आठवड्यात संघाच्या केंद्रावर वांगी टाकून परत येताना, बांबूच्या बनाशेजारच्या वळणावर, त्याच्या छोट्या गाडीचं पुढचं डावं चाक रस्त्याकडेच्या उघड्या गटारात गेलं. फळी घालून त्यानं एकट्यानंच गाडी बाहेर काढली. बघायला कोणी नव्हतं. म्हणजे शेजारच्या मित्सुयोशिवाय कोणी नव्हतं. घरी येऊन पाहतो तर चाकाला खालून धरून ठेवणारा आर्म वाकलेला. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे ओढायची, गाडी सरळ हवी तर स्टिअरिंग उजवीकडे कलतं ठेवावं लागायचं.

गॅरेज गावाच्या तोंडाशीच आहे. त्याचा मालक ओहाता तसा सज्जन, पण त्याची बायको केस कापायचं दुकान चालवते. तिच्या खुर्चीत बसलेल्या डोक्यात केस कमी होतात आणि बातम्या वाढतात. तिथली बातमी तोकुजीच्या मुलीला, हिरोशिमाच्या चिहारुला, पोचायला कितीसा वेळ? आणि चिहारुनं नव्या वर्षाला घरी आल्यावर स्पष्टच बजावलं होतं, "बाबा, यापुढे एकदा जरी गाडी कुठे घातलीत, तर लायसन्स पोलीस चौकीत नेऊन परत करायचं. तुमच्या वयाचे सगळे करतात. आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं."

माझ्याकडे म्हणजे नवव्या मजल्यावर. तोकुजीच्या बायकोचं, फुसाएचं, सोमवार-बुधवार-शुक्रवार घाटापलीकडच्या इस्पितळात डायलिसिस असतं. बस धड नाही. तेव्हा गाडी गेली की फुसाएचं इस्पितळ गेलं, आणि इस्पितळ गेलं की गाव गेलं. सोमवारच्या आत आर्म बसवायचा आणि गाडी सुतासारखी सरळ करायची, एवढं एकच तोकुजीच्या डोक्यात होतं.

"तोकुजीसान, आहात का?" ताडपत्रीबाहेरून मित्सुयोचा आवाज आला. "पाय दिसतायत म्हणून विचारलं. बाकीचा माणूस आहे ना जागेवर?"

"तेल बदलतोय."

"चाक काढून? आमच्या वेळी तेल इंजिनात असायचं बाई."

"तुला ट्रक चालवता येतो ना? तेवढं पुरे. बाकीचं कळायची गरज नाही."

"बरं. परवाचं तुमचं पार्सल मीच उतरवून घेतलं हो. कंबर मोडली. कुरियरवाला म्हणाला, मासा असेल. मी म्हटलं, असेल, लोखंडी."

ओसरीवर फुसाए हसली आणि तिनं मित्सुयोला चहा दिला. झालं, म्हणजे आता ही जेवणापर्यंत हलत नाही. तोकुजीनं ताडपत्री वर फेकली. लपवायचं कोणापासून?

लोखंडी मासा म्हणजे भंगारवाल्याकडून मागवलेला जुना आर्म. गंजलेले बोल्ट रात्रभर तेल पिऊनही हट्ट सोडीनात. तोकुजी पान्याला पाइप लावून लोंबकळला तेव्हा कुठे पहिला बोल्ट कण्हत फिरला. वाकडा आर्म निघाला. नवा पुढच्या बाजूनं गुमान बसला, मागच्या बाजूचं भोक मात्र नखभर चुकलं. तो पहार घालून रेटायचा, तर भोक पलीकडे जायचं. सोडला की अलीकडे. फुसाए वाकून बोल्ट धरून उभी.

"तो हात नको," तोकुजी खालून ओरडला. सुया टोचून टोचून जिथली शीर दोरखंडासारखी फुगली होती, तो हात तिनं पुढे केला होता. "दुसरा. किती वेळा सांगायचं? आणि वर धर. वर म्हणजे आकाशात नव्हे."

"मला वाटलं, तेल बदलायला एवढं धरावं लागत नाही," फुसाए म्हणाली.

एकदाचा बोल्ट गेला. पण तोकुजी जुना गडी. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर आतलं रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं, हे त्याला ठाऊक. त्यानं चाक चढवलं, चारही चाकांखाली तुळयांचे ठोकळे दिले आणि जॅक काढला.

"मित्सुयो, जरा गाडीत बस."

"का?"

"वजन हवंय."

"आणि अख्ख्या गावात माझ्यावरच नजर गेली?" असं म्हणत ती बसली, शेजारी फुसाए बसली, गाडी नीट दबली आणि तोकुजीनं खाली सरपटत जाऊन बोल्ट आवळले. मग गाडीच्या दोन्ही अंगांना मासे धरायची दोरी ताणून पुढची चाकं मागच्यांशी ताडून पाहिली. डावं चाक किंचित आत पाहत होतं. त्यानं चाकाला जोडलेला स्टिअरिंगचा दांडा थोडा थोडा फिरवून ते सरळ केलं. दोन्हीकडे अंतर सारखं. संघाच्या गॅरेजातले दिवस आठवून त्यानं शीळ घातली.

बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर नेऊन त्यानं स्टिअरिंगवरचे हात सोडले. गाडी रांगेतल्या पोरासारखी सरळ गेली. खुशीत घराकडे वळला, आणि बांबूच्या वळणावर डावीकडून खट्, खट्, खट्.

"अजून ओढतेय," तो घरी येऊन म्हणाला. फुसाए कोबीची रोपं लावायला परसात निघून गेली.

रविवारी त्यानं सगळं पुन्हा ढिलं केलं, पुन्हा आवळलं, पुन्हा दोरी ताणली. अंतर सारखंच. पुन्हा शाळेत गेला, गाडी सरळ. पुन्हा वळणावर आला, खट्, खट्. या वेळी त्यानं गाडी थांबवली आणि उतरला.

गटाराच्या काठाकाठानं, वीतभर अलीकडे, पांढरे रंगवलेले दगड ओळीनं मांडले होते. उन्हाळ्यात गावाच्या रस्तेसफाईला सगळ्यांनी मिळून ते मांडले होते, आणि सणाला शोभा म्हणून तोकुजीनंच दुपारभर उकिडवं बसून रंगवले होते. आता एकूण एक दगडावर टायरचे काळे पट्टे होते. एकावर एक. काही आजचे, काही आर्म वाकायच्या कितीतरी आधीचे.

मागून मित्सुयोचा छोटा ट्रक येऊन थांबला.

"हे दगड कशाला लावले होते गं?"

"शोभेला."

"मित्सुयो."

मित्सुयोला जन्मात पहिल्यांदा शब्द शोधावा लागला. "तुम्हाला आवाज यावा म्हणून," ती म्हणाली. "गटाराच्या आधी."

"कोणाकोणाला माहीत होतं?"

"दगड ओहातानं आणले. कुठे कुठे लावायचे ते फुसाएसाननं दाखवलं."

"आणि रंग मी लावला."

"तुमचा हात चांगला आहे रंगाला," असं म्हणून तिनं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"तोंड नव्हतं का कोणाला? माझ्याशी बोलायला?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला गाडी सोडावी लागली असती. मग तुम्ही दोघं जाणार हिरोशिमाला. या आळीत आधीच दिवे किती लागतात, मोजा की. स्वतःच्या हातानं अजून दोन विझवू?"

डावीकडचं आपल्याला दिसत कसं नाही, हे ताडून पाहायला तोकुजीनं उजवा डोळा तळहातानं झाकला. समोर विजेचा खांब होता. डाव्या डोळ्याला त्याचं वरचं टोक दिसत होतं आणि पायाशी गवत दिसत होतं. मधला खांब नव्हता. काळोख नाही, डाग नाही. बांबूच तिथे पसरल्यासारखे वाटत होते. त्यानं हात काढला, खांब आला. झाकला, गेला. त्यानं असं बऱ्याचदा केलं. मित्सुयो मान खाली घालून चपलेनं खडे सारत राहिली.

"गटाराला दगड लावलेत," तो शेवटी म्हणाला. "वाटेनं चालणाऱ्या माणसाला काय लावणार होतात?"

गाडी तिथेच ठेवून तो पायी घरी आला. रात्री दोघं जेवायला बसली. फुसाएनं इतकंच विचारलं, "गाडी झाली सरळ?" तो म्हणाला, "गाडीत काहीच दोष नाही," आणि तिनं भाताचा वाडगा खाली ठेवला.

सोमवारी सकाळी फुसाए नेहमीसारखी पिशवी भरून, वर पांघरायची शाल ठेवून दारात उभी राहिली. मित्सुयोनं गाडी वळणावरून आणली होती. तोकुजीला पाहून ती खिडकीतून म्हणाली, "सीट केवढी मागे! चालवत होतात की झोपत होतात?"

तोकुजी मागच्या दारानं आत बसला. आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. गुडघे कुठे ठेवायचे तेही त्याला कळेना.

मित्सुयो गाडी धसमुसळी चालवते. गिअर रडवते, ब्रेक उशिरा मारते. पण घाटाच्या सरळ पट्ट्यात स्टिअरिंग मधोमध होतं आणि खालून बारीकसाही खडखडाट नव्हता. तोकुजी कान देऊन ऐकत होता. काम चोख झालं होतं.

"डोळ्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे," फुसाए पुढे पाहतच म्हणाली. "माझं होईस्तोवर तुमचाही नंबर लागेल."

"जातो." थोड्या वेळानं तो म्हणाला, "रात्री चिहारुला फोन करतो."

"आज नको."

"मग कधी?"

"परवाच कोबीची रोपं लावलीत मी. त्यांना जीव तरी धरू दे."

बुधवारी कोण नेणार, शुक्रवारी कोण, हे तोकुजीनं विचारलं नाही, आणि मित्सुयोनंही आपणहून सांगितलं नाही. तिला सोमवारखेरीज सवड नव्हती. वळण आलं की तोकुजीचा उजवा पाय ब्रेक शोधत आपोआप खाली दाबला जाई. तिथे नुसता पायपुसण्याचा रबरी तुकडा होता.