गौरीचा ओवसा आणि आमचा मसुदा

वीस वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांवर पोट भरलं मी. "समोरची पार्टी" हा शब्द तोंडात इतका बसला होता, की घरी नवऱ्यालाही तो ऐकावा लागे. त्यामुळे ही नवी पद्धत मला जडच गेली. नवरा, बायको आणि दोघांचे वकील एका टेबलाशी बसून सगळं ठरवतात, मग संमतीने घटस्फोट मागतात. कुणी कोर्टात भांडायला गेलंच, तर दोन्ही वकिलांनी केस सोडायची, असं आधीच लिहून द्यायचं. म्हणजे वकिलाने तोंड आवरायचं. आता बोला.

माझी पक्षकार घाटकोपरची, सासर मालवणकडचं, पदरी एक मुलगी. बोरीवलीच्या माझ्या ऑफिसात पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, बाकी तुम्ही म्हणाल तसं. फक्त गौरीचा ओवसा मी सोडणार नाही." गणपतीत गावच्या घरी सुनेने सूप भरून गौरीपुढे ठेवायचं, तो ओवसा. बारा वर्षांत तिने तो एकदाही चुकवला नव्हता. मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, "सण – मुलगी."

तिसऱ्या बैठकीत नवऱ्याच्या वकिलाने मसुदा वाचला. गणपतीत मुलगी एक वर्ष आईकडे, एक वर्ष बाबांकडे. नवऱ्याला पटलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"आणि मी?" माझी पक्षकार म्हणाली.

"तुम्ही काय?"

"मी कुठे असणार गौरीला? ओवशाचं सांगितलं होतं ना मी तुम्हाला."

मी वही उघडली आणि मला लाज वाटली. कोर्टात असते तर समोरच्यावर ढकलून मोकळी झाले असते. इथे चूक चौघांत कबूल करावी लागली.

नवरा वाईट माणूस नव्हता. "आईला विचारू या," म्हणाला आणि गावी फोन लावून स्पीकरवर टाकला. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"येवंदे रे तिका," ती म्हणाली. "पावणी म्हणान येवंदे, जेवान जावंदे. पण ओवसो नाय हां. तो सुनेचो."

माझ्या जिभेवर दहा मुद्दे आले, एकही कामाचा नव्हता. तिचं सूनपण संपवणारे कागद मीच तर तयार करत होते. इतक्या वर्षांत अशी हतबल मी कधी झाले नव्हते.

"लिहा तसं," माझी पक्षकार शांतपणे म्हणाली.

मसुद्यात सगळीकडे तिचा उल्लेख 'पत्नी' असाच होता. नवऱ्याच्या वकिलाने सवयीने टाइप केलं आणि वाचून दाखवलं, "गौरीपूजनाला पत्नी पाहुणी म्हणून येऊ शकेल."

"'पत्नी' काढा," ती म्हणाली. "तेव्हा मी नसेन ना."

त्या जागी काय लिहायचं, ते आम्हा दोन वकिलांपैकी एकालाही सुचेना.