काकीच्या पायाशी, दोन हात सोडून

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. आत्या गुडघ्यांखाली पोतं घालून एकतिसाव्या दगडापुढे बसली आहे. गळ्यात टेप, हातात शिंप्याचा खडू. झिजलेल्या अक्षरांवरून ती खडू आडवा फिरवते. दगड पांढरा होतो, कोरलेलं काळं राहतं आणि आजोबांच्या भावाचं नाव वाचता येतं.

"उंची तेवीस, खांदा सोळा," असं पुटपुटत ती वहीत पेन्सिलीने लिहिते. वही जुन्या गिऱ्हाइकांच्या मापांची. पुढची पानं ब्लाउजची, मागची घराण्यातल्या मेलेल्यांची.

"या गिऱ्हाइकांचं एक बरं असतं," ती म्हणते. "फिटिंग चुकलं तरी परत येत नाहीत."

आत्या सहासष्ट वर्षांची. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा गेल्या वर्षी तिने शिलाईचं दुकान बंद केलं आणि घराण्याची दफनभूमी साफ करायला घेतली. इथे तेव्हा छातीएवढं गवत होतं. चार महिन्यांत तीन रांगांतले सदतीस दगड उघडे पडले. कापलेलं गवत शेवटच्या रांगेतल्या दगडांच्या पाठीमागे, मोकळ्या पट्ट्यात रचलेलं आहे. कटिंगच्या खाकी कागदावर सगळ्या जागेचा नकाशा तयार आहे. एक जागा सोडून.

अडतिसाव्या कबरीवर दगड नाही. ती आत्याच्या धाकट्या बहिणीची. बहीण चार वर्षांची असताना तापाने गेली, आत्या तेव्हा सात वर्षांची. आईने एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, 'काकीच्या पायाशी, दोन हात सोडून.' त्यानंतर आई इकडे कधी फिरकली नाही.

घराण्याची रीत अशी की दगड उशाशी आणि अक्षरांचं तोंड पायांकडे. काकीचा दगड गल्लीकडच्या शेवटच्या रांगेत, तोंड गल्लीकडे. त्या हिशेबाने जागा दगडापासून नऊ फुटांवर येते. कुंपणाची भिंत सहा फुटांवर आहे. आत्याने अकरा वेळा मोजलं. अकराही वेळा टेपचं टोक भिंतीपलीकडे, दूधवाला मोटारसायकल लावतो तिथल्या डांबरावर गेलं.

"लिही की, रस्त्याखाली," चुलतभाऊ म्हणतो. तो अठ्ठ्याहत्तरचा, सगळ्यांचा दादा. फाटकाशी खुर्ची टाकून देखरेख करतो. "गल्ली रुंद केली तेव्हा गेली असेल. यादी पुरी कर बाई, नावांची पाटी रंगवणारा खोळंबलाय."

"खोळंबू दे."

तिच्या वहीत अडतिसाव्या ओळीवर नाव आहे. जागेचा रकाना कोरा. पुढे फ्रॉकचं माप: उंची एकवीस, छाती बावीस. आईने एकाच ताग्यातून दोघींना फ्रॉक शिवले होते. एक धाकटीबरोबर गेला. दुसरा आत्याने बाह्या उसवेपर्यंत घातला.

आठला गवंडी आला. काकीचा दगड कलला होता, तो सरळ करायला त्याने बुडाशी खणलं आणि पहार बाजूला ठेवली.

"आत्या, हा दगड एकदा फिरवलाय."

"फिरवलाय म्हणजे?"

"हे बघा. बूड एका अंगाला जाड आहे. खालच्या जुन्या चुन्यात त्या जाड अंगाची खाच आहे, पण भलत्या बाजूला. काढून, उलटा करून बसवलाय."

आत्या खाचेत बोट घालून बघते. मग टेप घेऊन खाचेचं आणि जाड अंगाचं माप जुळवते. जुळतात. ती फाटकाकडे वळते.

"दादा, हा दगड कुणी फिरवला?"

"कुणी म्हणजे? आमच्या बाबांनी. सगळेच फिरवले. फाटक विहिरीकडून गल्लीकडे आणलं तेव्हा. येणाऱ्याला सगळ्यांच्या पाठी दिसायच्या, बरं दिसेना. पहार मीच धरली होती. तू तेव्हा मामाकडे शिकायला होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? दगडच फिरवले, माणसं नाही."

"माणसं नाही फिरवली, हेच म्हणते मी."

दादाला उमगायला जरा वेळ लागतो. "म्हणजे सत्तावन्न वर्षं आपण फुलं..."

"रिकाम्या जागेवर."

"वाळायची ती कुठेही वाळतात," दादा म्हणतो, पण खुर्चीतून उठतो आणि टेपचं एक टोक धरायला येतो.

आत्या दगडाच्या मागच्या बाजूला टेप लावते. सहा फूट काकीचे. पुढे दोन हात, म्हणजे तीन फूट. टेप गवताच्या ढिगात शिरतो. चार महिने रोज सकाळी ती भारा आणून तिथेच टाकत होती. मागची बाजू, मोकळी जागा म्हणून.

ती हाताने वरचं गवत बाजूला करू लागते. दादा म्हणतो, "ऊन चढलंय. उद्या कर. इतकी वर्षं थांबली ती."

आत्या हात झटकते. वहीत जागेच्या रकान्यात 'नऊ फूट, आत' असं लिहिते. शाईने.

गवंडी आठला येतो. आत्या उद्याही सात चाळीसला येईल आणि आधी ढीग हलवेल. दंताळं तिने फाटकामागे टेकवून ठेवलं आहे.