मामीच्या घरातल्या चोरवाटा

मामीनं तिचं नाव पाडलं होतं हातलावी. आई गेली, बापानं दुसरा संसार मांडला आणि पोरगी मामाच्या दारात आणून सोडली. तिथं मामीचं राज्य. लंबकाचं घड्याळ, काचेच्या कपाटाची किल्ली, कोपऱ्यातली फुलदाणी, कापडाखाली झाकलेलं शिलाई मशीन, कशालाही बोट लागलं की संपलंच. "हात लावू नकोस!" आणि लावलाच, तर अडगळीच्या खोलीत टाकून बाहेरून कडी. आत पोर रडून रडून घसा बसवून घ्यायची. मामा? मामा म्हणजे गरीब गाय, तोंडातून ब्र काढायचे नाहीत.

मोठेपणी माणूस असलं सगळं विसरतो म्हणे. विसरतो कसला, डोंबल! हिनं चांगला डूख धरला.

पुढे ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात लागली. उड्या मारत पुढे जायच्या गेममधल्या चोरवाटा रचायचं काम. खुंटी ओढली की भिंत सरकते, मडकं फोडलं की खाली जिना. बाकीचे अशा वस्तूंना जराशी चकाकी द्यायचे, खेळणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून. ही म्हणायची, "चकाकी कशाला? जिला हात लावला तर ओरडा बसेल असं वाटतं, तीच वस्तू हलली पाहिजे." गेम खेळून बघायला माणसं आली की ती त्यांच्या मागे उभी राहायची आणि कोण कुठली वस्तू टाळतो ते बघायची. बरेच जण फुलदाणीला वळसा घालून जायचे. बिचारे, असं ती मनात म्हणायची.

स्वतःचा गेम करायची संधी मिळाली तेव्हा तिनं मामीचं अख्खं घर उभं केलं, खिडकीच्या पडद्यांवरच्या फुलांसकट. सुरुवात अडगळीच्या खोलीतून. पुढे खोल्याखोल्यांतून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत फिरणारी जाडजूड बाई कोण, हे सांगायलाच नको. गेम बरा चालला, ऑफिसात पाठ थोपटली गेली. तिला त्याचं काय! तिला एकच हवं होतं. मामीनं ते घर बघावं, आणि स्वतःच्या तोंडानं कबूल करावं.

म्हणून कित्येक वर्षांनी ती मामाकडे गेली आणि मामीच्या हातात टॅब ठेवला.

"मी केलाय. खेळून तर बघा."

मामीनं चष्मा लावला. "अगं बाई, ही आपली अडगळीची खोली," म्हणाली. मग ती पडद्यावरच्या पोरीला इकडून तिकडे नेऊ लागली. ट्रंकेला वळसा, मशीनला वळसा, परत दारापाशी. दार काही उघडेना.

हिचा जीव कासावीस झाला. "अहो, कशाला तरी हात लावा की!"

"आणि मोडलं म्हणजे?" मामी खरंच घाबरली होती. "सासूबाई होत्या तोवर या घरात चमचासुद्धा विचारून घेतलाय मी."

क्षणभर हिला तिची कीव आली. मग त्या किवेचाच संताप आला.

"तुमचं तुमच्या सासूशी, मामी. माझं तुमच्याशी." टॅब तिथंच टाकून ती निघून आली.

चार-सहा दिवसांनी मामांचा फोन. "अगं, ती जेवतसुद्धा नाही धड. दिवसभर त्याच खोलीत अडकलीय. सांगून टाक ना काय दाबायचं ते."

"त्यांना विचारू दे."

फोन मामीकडे गेला. "बाहेर कसं पडायचं गं?"

"मला कुणी सांगितलं होतं?"

पलीकडे टॅब खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू रडायचीस ते मला ऐकू यायचं," मामी म्हणाली. "मी मुद्दाम टीव्हीचा आवाज मोठा करायचे. चुकलं माझं."

हेच ऐकायला ती जन्मभर थांबली होती. काळजात थंडावा वाटला, पण तेवढ्यानं भागलं नाही.

"मशीनचं चाक फिरवा," ती म्हणाली. "मागची भिंत सरकेल. पुढच्या खोलीत अडकलात की परत फोन करा. तिथलंही विचारायचंय मला."

"अजून खोल्या आहेत?" मामीचा आवाज बारीक झाला.

"भरपूर आहेत," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.