महाशिवरात्रीला उकडलेला ग्लॅडिओलस

यंदाच्या महाशिवरात्रीला मी माझ्या सत्तरीतल्या आईला आणि बायकोला अनोळखी कंद खाऊ घातले, आणि वर ‘अजून थोडं तूप घ्या’ असा आग्रहही केला. चूक सर्वस्वी माझी.

कंद मित्राने परदेशातून आणले होते. रानटी ग्लॅडिओलस, फुलझाड! तिकडे त्याचे कंद लोक खातातही. “पण पिशवीत दुसऱ्या जातीचेही मिसळले असतील,” तो म्हणाला. “ती जात विषारी असते. फूल आलं की कळेल.” मी हसलो. सातपूरच्या कारखान्यात मी माल तपासतो. केसाएवढा फरकही माझ्या नजरेतून सुटत नाही (असं मीच सांगत असतो).

एक कंद गॅलरीत लपवून लावला; तीन आठवड्यांत त्याला पात फुटली. मग बाकीचे फ्रिजात ठेवले, कारण थंडी मिळाली की ते जोमाने फुटतात. घरात बोललो नाही. बायकोने आधीच बजावलं होतं, “अहो, आणखी एक कुंडी आणलीत तर तुम्ही झोपायचं कुठे ते बघा!” म्हणून पिशवी दडवली. कुठे? रताळ्यांच्या मागे. कधी? उपवासाच्या आदल्या दिवशी!

दुपारी ताटात रताळी आली, सोबत लहान लहान करांदे, ते उपवासाला चालणारे रानकंद.

“वा! थोडे कडसर आहेत, पण अस्सल!” मी तिसरा तोंडात टाकला. “आई, कुठून आणलेस?”

“मी कुठून आणू? फ्रिजात रताळ्यांमागं व्हते. तूच आणले असशील तिकडं त्र्यंबकहून.”

तिसरा कंद घशातच थांबला.

मित्राचा फोन बंद. गॅलरीत धावलो, उगवलेल्या पातीचा फोटो काढून झाडं ओळखणाऱ्या ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, मका. दुसऱ्या बाजूने दाखवला. लसूण! तिसऱ्या वेळी ‘फोटो हलला आहे’ असं आलं. हलणारच. अख्खा मी हलत होतो.

आत आलो. “आई, मळमळतंय?”

“नाय.”

“जीभ बधिर?”

“नाय रे.”

“ही बोटं किती?”

“भांग पिलास का रं?”

खरं सांगायची हीच वेळ होती. मी म्हणालो, “रताळी नासकी होती बहुतेक. तिघंही दवाखान्यात जाऊ.”

रिक्षात आईने पदर डोळ्यांना लावला. “एकेक दाबून घेतलं व्हतं रं. वास बी घेतला व्हता. माझ्याच हातानं पोराला...” पन्नाशी उलटलेलं ते पोर रिक्षाबाहेर बघत बसलं.

दवाखान्यात तिने हात जोडले. “डॉक्टरसाहेब, आधी ह्याला बघा. रताळी मी उकडली. चूक माझी हाय.”

डॉक्टरांनी माझी नाडी धरली. “फार जोरात आहे. आणखी काय खाल्लं?”

“ग्लॅडिओलस,” मी पुटपुटलो.

“मोठ्याने बोला.”

“फुलझाडाचे कंद!” मी ओरडलो. “तिघांनीही खाल्लेत! विषारी असतील किंवा नसतील! फूल आल्यावर कळेल!”

“फूल कधी येणार?” बायकोने अगदी हळू विचारलं. त्या आवाजापुढे विष परवडलं.

“दीडदोन महिन्यांनी.”

तेवढ्यात माझा मेसेज वाचून मित्राचा फोन आला. “आता आठवलं, साल बघ. धाग्यांची जाळी असेल तर ग्लॅडिओलस. गुळगुळीत असेल तर...”

निघताना केराच्या डब्यातली सालं मी रुमालात बांधून आणली होती. ती डॉक्टरांच्या टेबलावर पसरली. माल तपासणाऱ्या माणसाला भीतीने डोळ्यांसमोर काही दिसेना! शेवटी बायको वाकली, रताळ्याची सालं बाजूला सारली आणि एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला.

“जाळी आहे. सगळ्यांना.”

तरी डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. त्या दोघी ठणठणीत होत्या. रक्तदाब फक्त माझाच वाढला होता.

आई शेजारच्या खाटेवर छताकडे बघत पडली होती. मग माझ्याकडे वळली.

“मंग रताळी?”

मी खाटेवरून उतरलो आणि तिच्या पायांना हात लावला.

“आई, चुकलं माझं. रताळी एकदम ताजी होती. नासका निघालो तो मी.”