कोणी राहिलं का?

आमच्या ताईंना स्वतःची चूक सापडली की त्या जिलबी वाटायच्या. मुलगा झाला, नोकरी लागली, घर बांधलं म्हणून लोक वाटतात. या बाई चूक सापडली म्हणून वाटत. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कढई चढलेली असे. तिथून पानाच्या द्रोणात गरम जिलबी घेऊन त्या जवळजवळ धावतच आमच्या केंद्रात शिरत आणि दारातूनच ओरडत, “मावशी, सापडली!” काय सापडलं ते मागाहून. आधी तोंड गोड. सिस्टर त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘जलेबीवाली दीदी’ म्हणायच्या. मी ताईच म्हणायची.

केंद्र म्हणजे गंगेवरच्या दुर्गाघाटाच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. तिथं लहान मुलांना सुया देतात, गरोदर बायकांचं वजन करतात. मी तिथं दाई. कुलूप उघडायचं, झाडायचं, बर्फात लस आली की डबा सांभाळायचा आणि सिस्टरबरोबर घरं दाखवत हिंडायचं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण कोणत्या दारामागे किती चुली आहेत ते मला विचारावं.

ताई मूळच्या नागपूरच्या. जिल्ह्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायला करारावर आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी पाणी घेऊन गेले तर त्या फोनवर आईशी बोलत होत्या, “जेवली ना गं. भात खाल्ला. काहून सारखी विचारून राहिली?” मी पेला धरून तशीच उभी राहिले. आमच्यासारख्या इथल्या जुन्या मराठी घरांत मराठी उंबऱ्याच्या आतली. बाहेर सगळा हिंदीचा कारभार. त्यांनी फोन ठेवला तेव्हा मी हळूच म्हटलं, “पाणी घ्या.”

“बाप्पा! मावशी, तुम्ही आपल्या!” असं म्हणून त्यांनी पेल्यासकट माझा हात धरला. अर्धं पाणी माझ्या पदरावर गेलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी मराठीतच बोलायच्या, जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब समोर असले तरी.

आमचं काम तेव्हा गंगेत दिवा सोडल्यासारखं होतं. सिस्टर दिवसभराची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायच्या, बटन दाबायच्या, आणि ती वर जायची. कुठे गेली, पुढे काय झालं, काही कळत नसे. ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. “आप इतना सब ऊपर भेजती हैं, नीचे क्या आता है?”

“नीचे?” सिस्टर म्हणाल्या. “नीचे तो डाँट आती है, दीदी.”

ताई इतक्या हसल्या की वजन करायला आणलेलं बाळ दचकून रडायला लागलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “नाही मावशी, हे बरं नाही. ज्यानं भरलं त्याला परत दिसलं पाहिजे.” हे त्यांचं आवडतं वाक्य. चहा घेताना म्हणायच्या, जिना चढताना धापा टाकत म्हणायच्या.

त्यांना जे करायचं होतं त्याला त्या ‘व्ह्यू’ म्हणत. मला ते समजावं म्हणून त्यांनी सुयांच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला, ब्लेडनं त्यात तीन लांब फटी पाडल्या आणि तो आमच्या जुन्या रजिस्टरवर ठेवला. एका फटीतून बाळाचं नाव दिसलं, दुसरीतून घर, तिसरीतून कोणती सुई राहिली ते. आईचा फोन नंबर, बापाचं नाव, जन्मतारीख, कोणाला काय आजार, सगळं पुठ्ठ्याखाली झाकलं गेलं. “रजिस्टर तेच आहे, मावशी. आपण वेगळी वही केली नाही. फक्त कामापुरतं बघायची जागा ठेवली. उद्या रजिस्टरात नवं लिहिलं की उद्या फटीतून नवं दिसेल. अन् जे दिसतं तेवढंच तुम्हाला तुमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेता आलं पाहिजे. झालं, एवढंच माझं काम.”

एवढंच म्हणाल्या, पण त्यासाठी त्या महिनाभर साहेबांच्या मागे होत्या. साहेब वाईट नव्हते. ते म्हणत, “किसी का फ़ोन नंबर बाहर चला गया तो जवाब कौन देगा?” ताई म्हणायच्या, साहेबांचं बरोबर आहे, आणि पुठ्ठा ठेवून नंबर कसा झाकला जातो ते पुन्हा दाखवायच्या. यादी हिंदीत उतरली पाहिजे यावर मात्र त्या अडून बसल्या. “जे पाय ही यादी घेऊन चालणार, त्यांना ती वाचता आली पाहिजे.” हे बोलताना त्या माझ्या चपलांकडे बघत होत्या.

शेवटी साहेबांनी एक महिन्याची मुभा दिली, फक्त आमच्या केंद्राला. सुई राहिलेल्या मुलांची यादी दर सोमवारी उतरवायची. “लेकिन एक भी ग़लत नाम निकला, तो बटन बंद.” ताई मान हलवून बाहेर आल्या आणि जिन्यावरच माझे दोन्ही हात धरून नाचल्या. वर चढणारा पोस्टमन भिंतीला चिकटून उभा राहिला.

पहिला सोमवार मला अजून आठवतो. सिस्टरनी बटन दाबलं, छपाईचं यंत्र घरघरलं आणि आमचीच माहिती आमच्याकडे परत आली. एका कागदावर नाव, घर, राहिलेली सुई. मी बोट ठेवून वाचत गेले. सगळी घरं ओळखीची. त्या दिवसांत काही गल्ल्या सोडून गोवर निघाला होता. इकडे त्याला माता म्हणतात आणि दाराला कडुनिंब बांधून बसतात. त्यामुळे गोवराची सुई राहिलेली मुलं आधी गाठायची होती. यादीत पिंपळवाल्या कोठीतलं, म्हणजे त्या चार मजली जुन्या वाड्यातलं, एक नाव होतं, ‘बेबी ऑफ पूजा’. इथं बाळ जन्मलं की दवाखान्यात असंच लिहितात, आईच्या नावानं. मग घरी चिंटू म्हणा की लक्ष्मी, कागदावर ते बेबीच राहतं. सिस्टर कोठीत गेल्या, खालच्या मजल्यावरच्या पूजाच्या मुलाला सुई दिली, परत येऊन कॉम्प्युटरमध्ये भरलं. मी त्या दिवशी डबा घेऊन दुसऱ्या गल्लीत होते.

पुढच्या सोमवारी यादी उतरली, आणि त्यात पुन्हा ‘बेबी ऑफ पूजा’. तेच घर, तीच सुई.

सिस्टर भडकल्या. नेमके त्याच दिवशी साहेब बघायला आलेले. “सर, देखिए, जिसको सुई लगा दी उसी का नाम फिर आ गया. यह सूची बासी है. हम इसके भरोसे घर-घर नहीं घूमेंगे.”

साहेबांनी कागद बघितला, चष्मा काढला. “मैंने कहा था न?”

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, यादी खाली-वर केली आणि पुटपुटल्या, “भरलेलं तर दिसून राहिलं... मग हे नाव कसं आलं?” मी कोपऱ्यात झाडू धरून उभी होते. मला कळलं होतं. पण बोलले तर चूक ताईंची ठरणार आणि बटन बंद होणार. नाही बोलले तर कोठीतली लेकरं तशीच राहणार, आणि गोवर दोन गल्ल्यांवर आलेला. साहेबांसमोर माझ्या तोंडून हिंदी फुटेना. मग मी मराठीतच बोलले. त्या खोलीत ती आम्हा दोघींनाच कळत होती.

“ताई, त्या कोठीत पूजा तीन आहेत.”

“काय?”

“खाली साडीवाल्याची सून. दुसऱ्या मजल्यावर नाववाल्याची. आणि गच्चीवरच्या खोलीत गजरे करणारी. तिघींची लेकरं महिन्याभराच्या अंतरानं झालेली.”

ताईंनी यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की साहेबांचा चष्मा खाली पडला. “बाप्पा! बाप्पा! माझीच चूक!” आणि हसत हसत त्यांनी रजिस्टर ओढलं, त्यावर पुठ्ठा ठेवला आणि साहेबांना हिंदीत समजावू लागल्या. सिस्टर घाईत एकाच बाळाची माहिती कधी कधी दोनदा भरत. म्हणून ताईंनी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या तर एकच दाखव. पुठ्ठ्याखाली बापाचं नाव झाकलं, तारीख झाकली, आणि उरलं काय? बेबी ऑफ पूजा, तेच घर, तीच सुई. तीन लेकरांची एक ओळ झाली. एकाला सुई मिळाली तरी उरलेल्या दोघांची मिळून तीच ओळ पुन्हा आली.

“मतलब ग़लती है,” साहेब म्हणाले. “तो बंद करें?”

“सर, ग़लती थी. पकड़ी गई.” ताईंचे डोळे चमकत होते. “और पकड़ी किसने? जो सूची दफ़्तर में बंद पड़ी रहती, उसमें तीन पूजा हैं, यह कौन बताता? आप? मैं? इनके हाथ में काग़ज़ आया, इसलिए दो बच्चे मिले.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. चष्मा पुसत ते म्हणाले, “पंद्रह दिन और.”

आम्ही थांबलोच नाही. बर्फाचा डबा माझ्या खांद्यावर, पुढे सिस्टर, मागे ताई, आणि त्या उंच उंच पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या पूजाच्या मुलाला सुई दिली. गच्चीवर गेलो तर तिसरी पूजा झेंडूच्या ढिगात बसून माळा ओवत होती, आणि तिची मुलगी फुलांत लोळत होती. “हमरे इहाँ त केहू अइबे नाहीं कइल,” ती म्हणाली. म्हणजे आमच्याकडे कोणी आलंच नाही. सुई टोचल्यावर पोरीनं असं भोकाड पसरलं की समोरच्या गच्चीवरची माकडं पळाली. ताई आनंदानं टाळ्या वाजवत होत्या. सिस्टर म्हणाल्या, “पागल हैं दीदी.” पण त्याही हसत होत्या. खाली उतरल्यावर त्यांनी स्वतः जिलबी घेतली.

ताईंनी यादी सुधारली. प्रत्येक बाळाच्या नोंदीला एक क्रमांक असतो. त्यावरून कोण कोणाचं ते बाहेरच्याला कळत नाही, पण दोन बाळांचं एक बाळ होत नाही. तो त्यांनी फटीतून दिसू दिला. आणि माझ्या सांगण्यावरून एक रकाना वाढवला, मजल्याचा.

मग एक दिवस म्हणाल्या, “मावशी, नाव नसलं की काय होतं बघितलं ना? तीन बाळांचं एक झालं. आपल्या यादीलाही नाव नाही. नुसते आकडे अन् इंग्रजी अक्षरं. बारसं करूया. तुम्ही आत्या.” मला वाटलं थट्टा. पण त्यांनी खरंच कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, “सांगा कानात.”

मला माझे वडील आठवले. ब्रह्माघाटाकडे मराठी घरांत कार्य असलं की ते वाढायला जात. पंगत उठली तरी ते भांडी आवरू देत नसत. जिन्याच्या तळाशी उभं राहायचं, तोंडाभोवती हात धरायचे आणि वर ओरडायचं, “कोणी राहिलं का?” एकदा गच्चीवर वाळवण राखत बसलेली एक म्हातारी अशीच सापडली होती, दुपार कलेपर्यंत उपाशी.

मी ताईंच्या कानात तेच सांगितलं. त्यांनी ते तसंच लिहिलं. सिस्टरनी पडद्यावर वाचून विचारलं, “यह कौन-सी भाषा है?”

“घर की,” ताई म्हणाल्या.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे अनेक महिने. आता ही यादी दुसऱ्या केंद्रांतही उतरते. ताईंचा करार संपला आणि त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. जायच्या दिवशी त्यांनी मला तो पुठ्ठा दिला. फटींच्या कडा तोवर मळून काळ्या झालेल्या. “सांभाळा,” म्हणाल्या, “अन् माझी चूक सापडली तर फोन करा. बरोबर असलं तर करू नका, मला काम असतं.” दोघीही रडलो नाही. गल्लीच्या वळणावर त्यांच्यासमोर एक बैल आडवा उभा होता. त्याला त्या नागपुरीत रागावत होत्या, एवढं ऐकू आलं.

गेल्या सोमवारी मीच बटन दाबलं. यादी उतरली. वर नाव, ‘कोणी राहिलं का’, आणि खाली कोरं. एकही ओळ नाही. सिस्टर उठून उभ्या राहिल्या. “हो गया! सबका हो गया!” मी कागद उलटा करूनही बघितला. मी ताईंना फोन लावला.

“ताई, कोरी आली.”

“काय म्हणता! अन् मावशी, मग?”

“आनंद झाला. पण भीतीही वाटते.”

त्या पहिल्यासारख्या हसल्या. “आता तुम्ही पक्क्या झाल्या. रजिस्टरात जे आलंच नाही ते फटीतून कसं दिसेल? जा, जिने चढा.”

मी पिंपळवाल्या कोठीच्या अंगणात गेले. वर चार मजले, कठड्यांवर साड्या, कोणी दिसेना. एकेक दार वाजवायचं तर संध्याकाळ झाली असती. मी इकडेतिकडे बघितलं, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले, “कोणी राहिलं का?”

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. कबुतरं उडाली. गच्चीवरून पूजा वाकली, काय झालं ते विचारायला, “का भयल चाची?” दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. आणि मग जिन्याखालच्या कोठडीचं, जिथं एरवी लाकडं ठेवतात. तिथून एक अनोळखी मुलगी बाहेर आली, परवाच गावाहून आलेली, कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. त्याला आजवर एकही सुई नाही.

मी तिचं नाव विचारलं. मजला लिहिला. बाळाच्या गालाला हात लावला. मग तिथंच अंगणात पुन्हा फोन लावला, आणि पलीकडून हॅलो यायच्या आतच ओरडले, “ताई, सापडलं!”