शिवाची बहीण

सिंधूवहिनी दिराच्या ताटात भाकरी वाढायच्या आणि वाढता वाढता विचारायच्या, "भाऊजी, आमच्या शिवाला कुठं सोडलं व्हतं?" आवाज चढलेला नसे. मीठ हवं का विचारावं, तितक्या सहज. दीर मान वर न करता म्हणे, "पारगावच्या फाट्यावर. किती येळा सांगू, वैनी?"

उपकेंद्रात नर्स म्हणून लोणीजवळच्या त्या गावात माझी बदली झाली आणि त्यांच्याच घरातली एक खोली मी भाड्याने घेतली. पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न चारदा कानावर आला. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. माझं तापलेलं अंग पुसून काढणारी, पाऊस येणार म्हणून माझे कपडे न सांगता आत आणणारी, अतिशय शहाणी बाई होती ती.

शिवा त्यांचा पाठचा भाऊ. नव्वदच्या दशकात वाळूच्या धंद्यावरून त्या भागात माणसं मारली गेली. एकजण विहिरीत सापडला, दोघे घरातून गेले ते आलेच नाहीत. शिक्षा कुणालाच झाली नाही. शिवा दिराच्या वाळूच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. एका दुपारी तो बहिणीला म्हणाला, "आक्का, हिरीतला माणूस कुणी टाकला ते मला ठावं हाय. मी फौजदाराला सांगनार." दीर ओसरीवरच बसला होता. दिवस मावळायच्या आत त्याने शिवाला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं आणि परत आला तो एकटाच.

वहिनी पोलीस ठाण्यात गेल्या. नोंद झाली ती नुसती 'बेपत्ता' म्हणून, कारण त्यांच्या नवऱ्यानेच जबाब दिला की मेहुणा भांडून मुंबईला गेला. तेव्हापासून त्यांना कुणी एकटं सोडत नसे. ओझरच्या गणपतीला निघाल्या तरी सासू सोबत.

"माहेरी का जात नाही?" मी एकदा विचारलं.

हातातलं सूप थांबलं. "मी गेले तर ह्या घरात शिवाचं नाव कोन काढंल, बाई? लई सुखानं जेवतील समदी."

दुसऱ्याच दिवशी दीर माझ्या दारात आला. "नर्सबाई, तुमची बदली लांब डोंगरात झाली तर लई तरास व्हईल, न्हाई का?" एवढंच बोलून गेला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

सहा वर्षांनी दीर शेतातच छाती धरून पडला. मी धावत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मागून आलेल्या वहिनींनी एवढंच विचारलं, "जाताना काय बोलले का?"

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा झाडावरून उतरेना. दिराच्या मुलाने हात जोडून शब्द दिले, पाव्हण्यांनी दिले. ऊन चढलं. शेवटी सासू वहिनींसमोर येऊन उभी राहिली. "सिंधू, तू म्हन माफ केलं. तुझ्यापायी अडकलाय त्यो."

सगळा गाव बघत होता. वहिनी पुढे झाल्या. "आमच्या शिवाचा दहावा झाला न्हाई. आय मरंस्तवर त्याचं ताट वाढत व्हती. त्याला कुठं ठिवलाय ते ठावं असलेलं एखादं मानूस हितं बसलंय. त्यानं सांगावं. मी आत्ता माफ करते."

कुणी हललं नाही. फक्त त्यांच्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वहिनींनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली. नवरा घराच्या वाटेला लागला. वहिनी थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग पदर सावरून, त्याच्या मागे चार पावलं ठेवून, चालू लागल्या. आई गेल्यापासून माहेरही उरलं नव्हतं; जायला दुसरं घर नव्हतं.